मानवी तस्करी : तांड्यापासून गंगाजमुनापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा हे कापूस पिकविणाऱ्या मुलखातील तालुक्याचे ठिकाण. दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यातील तांड्यांतून व कोरडवाहू गावांतून अनेक कुटुंबे ऊसतोडणीस, वीटभट्टीवर किंवा शहरातील बांधकामावर जातात. कामासाठी स्थलांतर करणे म्हणजे तस्करी नव्हे. परंतु मुकादमाकडून घेतलेली उचल, अनोळखी मुलूख आणि वृद्धांच्या भरवशावर मागे ठेवलेली किशोरवयीन मुलगी, ही तस्कराला हवी असलेली परिस्थिती त्यातूनच निर्माण होते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार धमकी, बळजबरी, फसवणूक, सत्तेचा गैरवापर किंवा प्रलोभन यांच्या साहाय्याने शोषणासाठी व्यक्तीची भरती करणे, तिला नेणे, ठेवून घेणे वा दुसऱ्याच्या स्वाधीन करणे म्हणजे मानवी तस्करी होय. पीडितेने संमती दिली होती, हा बचाव येथे चालत नाही. १ जुलै २०२४ पूर्वी हाच गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० खाली येत असे. देहव्यापाराबाबत १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे.

प्रत्यक्षात बळजबरीपेक्षा आमिषच अधिक दिसते. ओळखीची बाई नोकरी देते, परराज्यातील स्थळ हुंडा न घेता लग्नाला तयार होते, आणि घरचे लोक त्याला नशीब समजतात. म्हणूनच ग्राम बाल संरक्षण समितीचे महत्त्व आहे. सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव असतात. शाळेच्या पटावरून अचानक गळालेली मुलगी सर्वप्रथम शिक्षक व सेविका यांनाच जाणवते. ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असल्याने घाईचे लग्न त्याच्या कानावर घालता येते. मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. समिती कागदावरच राहिली, तर मात्र या व्यवस्थेचा काडीचा उपयोग नाही.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, झरी-जामणी परिसरात, आदिवासी कुमारी मातांचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. लग्नाचे वचन देऊन बाहेरच्या माणसांनी मुलींना सोडून दिले. ही प्रत्येक वेळी कायद्याच्या अर्थाने तस्करी नसते. तथापि फसवणुकीची रीत तीच.

विदर्भातून नेलेल्या स्त्रियांच्या संदर्भात नागपूरच्या गंगाजमुना वस्तीचे नाव टाळता येत नाही. १९८० च्या सुमारास ही वस्ती उठविण्यासाठी आंदोलन झाले, तेव्हा यवतमाळचे नेते जांबुवंतराव धोटे व त्यांचे सहकारी रामभाऊ इंगोले तेथील स्त्रियांच्या बाजूने उभे राहिले. हाकलल्या गेलेल्या बाईने जायचे कोठे, हा त्यांचा साधा सवाल होता. पुढे इंगोले यांनी आम्रपाली उत्कर्ष संघाच्या माध्यमातून काम केले आणि या स्त्रियांच्या मुलांसाठी विमलाश्रम उभारला. नेमका येथेच कळीचा मुद्दा आहे. वस्तीत वाढणारी मुलगी आईच्याच वाटेने जाण्याचा धोका सर्वाधिक असतो. मुंबईत ‘प्रेरणा’ संस्थेने १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात मुलांसाठी रात्रनिवारा सुरू केला, तोही याच कारणाने.

ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी गंगाजमुना बंद केली. अल्पवयीन मुलींची तस्करी हे त्यामागील एक कारण सांगण्यात आले. विरोधात उभ्या राहिल्या त्या धोटे यांच्याच कन्या ज्वाला धोटे. चाळीस वर्षांनंतरही प्रश्न बदललेला नव्हता. अल्पवयीन मुलगी असेल तर सुटका अटळच. पण प्रौढ स्त्रीचे मत विचारायचे की नाही? सांगलीची ‘संग्राम’ आणि तेथील स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांचे उत्तर स्पष्ट आहे : तस्करीला विरोध, परंतु सरसकट छाप्यांनाही विरोध.

कायद्यातही समाजाला जागा आहे. सुटका केलेल्या स्त्रीविषयी निर्णय घेताना दंडाधिकारी पाच प्रतिष्ठित नागरिकांचे साहाय्य घेऊ शकतात व त्यांत शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात, असे कलम १७ सांगते. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध डांबलेल्या प्रौढ स्त्रियांच्या मुक्ततेची कार्यवाही करण्याचे निर्देश राज्यांना दिले. छाप्याच्या बातमीत स्त्रीची ओळख उघड होऊ नये, हेही त्याच आदेशात होते.