मधुमेह, ज्येष्ठांमधील (मुंबई उपनगरे)

रक्तातील साखर कायम वाढलेली राहण्याचा विकार. घरोघरी नुसते ‘शुगर’. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत साठीपुढे आढळणारा मधुमेह बहुतांशी टाइप २ प्रकारचा असतो.

महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने २०२१ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात १८ टक्के मुंबईकरांची उपाशीपोटीची साखर वाढलेली निघाली. पण त्यात १८ ते ६९ वयाचेच लोक होते. ज्यांचा आजार सर्वांत जुना, ते सत्तरीपुढचे मोजलेच गेले नाहीत. ही उणीव देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देशव्यापी ‘लासी’ पाहणीने काही अंशी भरून काढली. तिच्यातील रक्तनमुन्यांनुसार पंचेचाळिशीपुढच्या सुमारे पाचांतल्या एकाला मधुमेह होता आणि अशा पाचांतल्या दोघांना त्याचा पत्ताच नव्हता. शहरांतले प्रमाण खेड्यांच्या जवळपास दुप्पट होते.

‘आम्ही काटकुळे, आम्हाला कशी होईल शुगर?’ हा समज फसवा आहे. दिसायला सडपातळ भारतीयाच्या अंगातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले.

उतारवयात साखर वाढण्याइतकेच ती एकदम उतरण्याचे भय असते. संकष्टीला सकाळी नेहमीची गोळी घ्यायची आणि चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्री नऊपर्यंत, जवळजवळ उपाशी राहायचे, हा अगदी घरगुती धोका. घाम, थरथर, तोल जाणे. पडून खुब्याचे हाड मोडले की मग अंथरूणच. त्यामुळे थकलेल्या रुग्णासाठी तीन महिन्यांच्या सरासरीचे (एचबीए१सी) उद्दिष्ट सातऐवजी आठ टक्क्यांपर्यंत सैल ठेवतात. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हीसुद्धा पिष्टमयच, हे मात्र कुणाला पटत नाही.

इन्सुलिनचे काम बहुधा घरातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे येते. बाटली ४० युनिटची की १०० ची, हे पाहून सिरिंज निवडावी लागते. लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. १०० च्या बाटलीला चुकून लाल टोपणाची सिरिंज लावली, तर मात्रा अडीचपट जाते. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांकडून ही अपेक्षा फार आहे.

पायांची बधिरता हा मुंबईत पावसाळी प्रश्नही ठरतो. चप्पल चावलेली कळत नाही आणि अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यात तीच जखम भिजते.

उपचारांसाठी कूपर, राजावाडी, मुलुंडचे अगरवाल ही पालिका रुग्णालये आणि ‘आपला दवाखाना’ आहेत. २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, तेही मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर; रोजच्या गोळ्या, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि सुया यांचा खर्च पेन्शनमधून किंवा मुलांकडूनच भागवावा लागतो.