क्लिपबोर्ड : पुसली जाणारी पाटी आणि उरणारी यादी

संगणकावर लिहिणारा प्रत्येकजण दिवसातून अनेकदा मजकूर एका ठिकाणाहून उचलतो आणि दुसरीकडे ठेवतो. उचलणे व ठेवणे ह्यांच्या दरम्यान तो मजकूर ज्या अदृश्य जागी थांबतो, तिला क्लिपबोर्ड म्हणतात. ह्या जागेचा इतिहास संगणकाइतकाच लेखनव्यवहाराचाही आहे. म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकाने तो पाहावा.

त्याचे मूळ संपादकाच्या टेबलावर सापडते. हस्तलिखितातील परिच्छेद कात्रीने कापून दुसऱ्या जागी खळीने चिकटवणे ही संपादनाची जुनी रीत. कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट ह्यांनी १९७४-७५ च्या सुमारास 'जिप्सी' हा लेखनाचा प्रोग्राम घडवला, तो झेरॉक्सच्याच मालकीच्या जिन अँड कंपनी ह्या पाठ्यपुस्तक-प्रकाशनसंस्थेतील संपादकांसाठी. 'कट' आणि 'पेस्ट' ही नावे त्या कागदी कामाचीच आहेत. पुढे ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) ह्या संगणकांनी ती सर्वसामान्यांपर्यंत नेली.

मात्र कागद पडद्यावर येताना एक गोष्ट गळली. टेबलावर दहा कात्रणे एकाच वेळी पसरून ठेवता येत; क्लिपबोर्डला खण एकच. शाळेतल्या पाटीसारखे, नवे लिहिले की जुने पुसले गेलेच. पाटीवर काय आहे हे पाहण्याची सोय मॅकिंटॉशमध्ये होती; विंडोजमध्येही 'क्लिपबोर्ड व्ह्यूअर' होता. पण बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता, आणि २००७ मध्ये बाजारात आलेल्या विस्टातून तो वगळला गेला. अनेक तुकडे साठवण्याची युक्ती प्रोग्रामरांच्या ईमॅक्समध्ये 'किल रिंग' ह्या नावाने फार पूर्वीपासून होती. सामान्य लेखकाला ती हळूहळू मिळाली : ऑफिस २००० मध्ये बारा नोंदी, त्यापुढील ऑफिस एक्सपीमध्ये चोवीस, आणि २०१८ च्या अखेरीस विंडोज १० मध्ये पंचवीस. आता विंडोजची कळ व 'व्ही' एकत्र दाबली, की (प्रथम संमती देऊन) उचललेल्या मजकुरांची यादी उघडते. हवी ती नोंद 'पिन' करून टिकवता येते. बाकीच्या संगणक पुन्हा सुरू केल्यावर नाहीशा होतात. ॲपलने आपल्या मॅकमध्ये अशी यादी २०२५ मध्ये दिली.

ह्या यादीत काय उरते आणि काय उरत नाही, हा खरा प्रश्न आहे. मराठी लेखकाला त्याचा धडा जुन्या फॉन्टांनी दिला होता. युनिकोड रुळण्यापूर्वी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट वापरात होते. असा मजकूर उचलून साध्या रूपात ठेवला, की फॉन्ट मागे राही आणि पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटे. क्लिपबोर्ड एकच मजकूर अनेक रूपांत धरतो. घेणारा त्यांतले सोयीचे रूप घेतो, बाकीचे सोडतो.

लिपीचा तो प्रश्न युनिकोडने सोडवला. उगमाचा प्रश्न तसाच आहे. कागदी कात्रणावर शाई, हस्ताक्षर, कधी पृष्ठांक असे; चिकटवल्यावरही त्याची कड दिसे. पडद्यावर चिकटवलेल्या वाक्याला कड नसते. यादी वाक्य दाखवते, त्यांचा क्रम दाखवते. ते कोणाचे, कोणत्या ग्रंथातले, कोणत्या आवृत्तीतले हे दाखवत नाही. आठवड्याने आपल्याच टिपणांत आढळलेले एखादे नेटके वाक्य आपले की दुसऱ्याचे, हे मग विद्यार्थ्यालाच काय, प्राध्यापकालाही सांगता येत नाही. उसनवारीचा प्रत्येक प्रसंग अप्रामाणिकपणातूनच येतो असे नाही. पुष्कळदा तो अशा हरवलेल्या कडेतून येतो.

यादीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. महाविद्यालयातील सामाईक संगणकावर ती सुरू असेल, तर पासवर्ड आणि खाजगी पत्रेही पुढच्या माणसासमोर उघडी पडू शकतात. उठण्यापूर्वी 'क्लिअर ऑल' करून पिन केलेल्या नोंदीही काढाव्यात.

यादी मिळाल्याने टिपणाची जबाबदारी संपत नाही. अवतरण उचलण्यापूर्वी लेखक, ग्रंथ आणि पृष्ठ आधी लिहावे, मग मजकूर ठेवावा. कार्डांवर टिपणे काढणाऱ्या पिढीची ही शिस्त आजच्या पडद्यावर अधिकच गरजेची आहे.