हाली रुपया आणि त्याचे संग्राहक

अमेरिकेतील आरंभीच्या रौप्यनाण्यांचा संग्रह हा आज एक स्वतंत्र व्यासंगच झाला आहे. १७९२ च्या कायद्याने तेथे टांकसाळ स्थापन झाली. १७९४ मध्ये तिने १,७५८ डॉलर बाहेर पाडले, आणि त्यांपैकी एकास २०१३ मधील लिलावात एक कोटी डॉलरांहून अधिक किंमत आली. त्या संग्राहकास टांकसाळीच्या नोंदींचा आधार असतो. नांदेड-लातूरकडील संग्राहकाच्या हाती येणारा हाली रुपया मात्र प्रायः नाण्यावरूनच वाचावा लागतो.

'हाली' हा शब्द अरबी 'हाल' या शब्दावरून आलेला, अर्थ 'सांप्रतचा'. आपल्या 'हल्ली'चे मूळही तेच. हाली शिक्का म्हणजे हल्लीचा, चालू शिक्का. दिवाण पहिले सालारजंग (१८५३-१८८३) यांच्या कारकिर्दीत निजामी राज्यातील नाणेव्यवहारास एकसूत्रीपणा येऊ लागला, तेव्हा जुन्या, घासलेल्या व परस्परभिन्न नाण्यांहून निराळे म्हणून हे नाव सार्थ होते. १८५७ पर्यंत या रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. पुढे त्या जागी आसफजाहाचे नाव व त्यासह ९२ हा अंक आला. अब्जद गणनेनुसार 'मुहम्मद' या नामाची ही बेरीज होय. हा अंक न ओळखल्याने काही जण त्यास वर्ष समजतात.

शेजारच्या इंग्रजी मुलखातील रुपया तो 'कलदार', म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. विसाव्या शतकाच्या आरंभी चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपयाही यंत्रावरच निघू लागला. तरी 'कलदार' हे नाव इंग्रजी रुपयासच चिकटून राहिले. व्युत्पत्ती आणि रूढी यांची फारकत ती अशी.

दोन्हींचा दर सात हाली म्हणजे सहा कलदार, अर्थात शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा असे. हा दर निव्वळ सरकारी हुकमाचा खेळ नव्हता. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम व त्यात चांदी हजारी ८१८. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे नेमका एक तोळा, व १९४० पूर्वी त्यात चांदी हजारी ९१७. हिशेब केल्यास शुद्ध चांदी अनुक्रमे ९.१४ व १०.६९ ग्रॅम भरते, आणि हे प्रमाण सातास सहा याच्या अगदी जवळ येते. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोचली. लातूर निजामी राज्यात, बार्शी मुंबई इलाख्यात. लातूरच्या पेठेतून माल पलीकडे गेला की मोबदला कलदारात, आणि शेतसारा मात्र हालीत. मधल्या बट्ट्यावर सराफांचे पोट चाले.

संग्राहकाची दृष्टी चारमिनारच्या कमानीतील अक्षराकडे असते. महबूब अलीखानांच्या नाण्यांवर तेथे 'मीम', उस्मान अलीखानांच्या नाण्यांवर 'ऐन'. १९११ नंतरच्या अगदी पहिल्या नाण्यांवरील ऐन अपुरे आहे, पुढे ते पूर्ण झाले. त्यामुळे अपुऱ्या ऐनाच्या रुपयाचा शोध अधिक. हे सूक्ष्म निरीक्षण स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु याच दृष्टीला भोक पाडलेला किंवा कडी जोडलेला रुपया टाकाऊ वाटतो, आणि तो वितळविण्यास जातो, हे मला मान्य नाही. बंजारा स्त्रियांच्या अलंकारांत नाणी गुंफलेली असतात. अशा माळेत हाली किती, कलदार किती, यावरून तांड्याचा व्यवहार कोणत्या बाजारांशी होता याचा काही अदमास बांधता येतो. असा पुरावा दप्तरात क्वचितच सापडेल. माळ उसवली की तो गेला.

१९५० पासून हाली रुपया भारतीय रुपयाबरोबर चालला आणि १९५९ मध्ये चलनातून बाद झाला. त्यानंतर तो मोडीच्या भावाने सराफाकडे जाऊ लागला. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले आहे. परंतु घरातील डब्यातून वा गळ्यातून निघालेल्या नाण्यास तो कायदा लागू होत नाही. विभागातील विद्यार्थ्यांनी गावोगावच्या बोलींची टिपणे घेताना अशा नाण्यांचाही ठसा, वजन, गावाचे नाव आणि माळेतील त्याचे स्थान टिपून घ्यावे. नाणे मात्र मालकाकडेच राहू द्यावे.