पाळीव प्राण्याचे परदेशगमन : तिकिटाआधी तारखांचा हिशेब

परदेशातील नोकरीचे पत्र हाती पडल्यापासून विमानात बसेपर्यंत कुटुंबाला अनेकदा महिना-दोन महिन्यांचाच अवधी मिळतो. व्हिसा, मुलांच्या शाळेचे दाखले, घराची निरवानिरव या धावपळीत घरातील कुत्र्याच्या किंवा मांजराच्या प्रवासाचा विचार अगदी शेवटी होतो. तोवर उशीर झालेला असतो. भारतातून युरोपात जाणाऱ्या प्राण्याची पूर्तता शून्यापासून करायची झाल्यास किमान चार महिने लागतात आणि जादा पैसे मोजूनही हा काळ कमी होत नाही. मग प्राणी नातेवाइकांच्या गळ्यात पडतो किंवा त्याहून वाईट म्हणजे बेवारस होतो. हे टाळायचे, तर कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे हे आधीच ठाऊक असायला हवे.

आधी चिप, मग लस

या बहुतेक नियमांच्या मुळाशी रेबीजचे भय आहे. त्यामुळे लस टोचलेला प्राणी तोच, हे सिद्ध करणे ही पहिली पायरी ठरते. त्यासाठी तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप कातडीखाली बसविली जाते. ती आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांनुसार असावी. तिचा क्रमांक पंधरा आकडी असतो. रेबीजची लस चिप बसविल्यानंतरच टोचलेली असली पाहिजे. दरवर्षी न चुकता लस दिली आहे, या भरवशावर अनेक जण निर्धास्त राहतात. परंतु चिपआधीची लस युरोपीय महासंघ, ब्रिटन आणि अमेरिका ग्राह्य धरत नाहीत. ती पुन्हा टोचून घ्यावी लागते.

रक्ततपासणी आणि प्रतीक्षा

युरोपीय महासंघ व ब्रिटन यांच्या लेखी भारत रेबीजच्या दृष्टीने सुरक्षित देशांच्या यादीत नाही. म्हणून लशीनंतर किमान ३० दिवसांनी प्राण्याचे रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावे लागते. प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. रक्त घेतल्याच्या तारखेपासून आणखी तीन महिने थांबावे लागते. लशीपूर्वीच संसर्ग झाला असेल, तर तो या काळात उघड व्हावा, हा त्यामागील हेतू आहे.

समजा, १ जानेवारीला चिप व लस झाली, तर रक्त ३१ जानेवारीला घेता येईल आणि प्रवास एप्रिलअखेरीपूर्वी होणार नाही. एक दिलासा मात्र आहे. पुढील लसी मुदतीत दिल्या, तर हा अहवाल बाद होत नाही. लस एक दिवस जरी उशिरा झाली, तरी सारे नव्याने करावे लागते.

देशागणिक वेगळे नियम

ब्रिटनमध्ये पूर्वी प्राण्यांना सहा महिने विलगीकरणात राहावे लागे. आता अटी पूर्ण केल्यास ते टळते. मात्र कुत्र्याला पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पट्टकृमीवरील औषध पशुवैद्याकडून देऊन त्याची नोंद घ्यावी लागते. विमानाने येणारा पाळीव प्राणी तेथे प्रवाशाच्या सामानाबरोबर नव्हे, तर मालवाहतुकीत नोंदवून आणावा लागतो.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांसाठीचे नियम बदलले. भारत तेथे रेबीजचा मोठा धोका असलेल्या देशांत गणला जातो. त्यामुळे कुत्रा किमान सहा महिन्यांचा असावा, चिप असावी, लशीचा दाखला सरकारी पशुवैद्याने प्रमाणित केलेला असावा आणि प्राण्यांसाठी नोंदणीकृत केंद्र असलेल्या विमानतळावरच तो उतरावा, अशा अटी आहेत. मान्य प्रयोगशाळेचा रक्ताचा अहवाल नसल्यास २८ दिवस विलगीकरण ठरलेले असते.

सर्वांत कठीण वाट ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडची. भारतातून तेथे कुत्रा किंवा मांजर थेट नेता येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या तिसऱ्या देशात मुक्काम करावा लागतो. ऑस्ट्रेलियात त्यानंतरही मेलबर्नजवळील मिकलहॅम येथील केंद्रात विलगीकरण असते.

भारतातील दाखला

निर्यातीचा आरोग्य दाखला केंद्र सरकारच्या ‘ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिस’कडून मिळतो. मुंबईसह दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू व हैदराबाद येथे तिची कार्यालये आहेत. प्राणी तपासणीसाठी सोबत न्यावा लागतो. लसीकरण पुस्तिका, प्रयोगशाळेचा अहवाल आणि अर्ज यांतील चिपचा क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे; एका आकड्याची चूकही प्रवास अडवू शकते. युरोप व ब्रिटनसाठीचा दाखला दहा दिवसांसाठीच ग्राह्य असल्याने तिकिटाची तारीख पाहूनच तपासणीची वेळ घ्यावी.

पेटी, पग आणि पोपट

प्रवासाची पेटी आयाटाच्या नियमांनुसार असावी. प्राण्याला तीत उभे राहता, वळता आणि आडवे होता आले पाहिजे. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना हवेत श्वासाचा त्रास संभवतो. अनेक विमान कंपन्या त्यांना नाकारतात किंवा उन्हाळ्यात नेत नाहीत. आरक्षणापूर्वीच याची विचारणा करावी. पिंजऱ्यातील देशी पोपटाचा प्रश्न तर वेगळाच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणेच बेकायदा असल्याने त्याला परदेशी नेण्याचा मार्ग नाही.

कागदपत्रे जमविण्याचे काम दलालाकडे सोपविता येते. प्रतीक्षेचे दिवस मात्र कोणालाच कमी करता येत नाहीत. ज्या देशात जायचे, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरील अटी प्रवास ठरताच आणि निघण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचाव्यात. घरात परदेशाचा नुसता विषय निघाला, तरी चिप, लस आणि रक्ततपासणी उरकून घेणे शहाणपणाचे. बेत रद्द झाला, तर थोडा खर्च वाया जाईल. बेत पक्का झाला, तर घरातील कोणीही मागे राहणार नाही.