गर्दीतल्या रेषा आणि चिमूटभर युरोपियम

१९५१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या इथेनॉलचा एनएमआर वर्णपट काढला. कागदावर तीन उंचवटे उमटले, आकारमान १:२:३. रेणूतही तसंच आहे : ऑक्सिजनवर एक हायड्रोजन, मधल्या कार्बनवर दोन, टोकाच्या कार्बनवर तीन. (यातले धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथला एनएमआर गट त्यांनी उभा केला.)

भोवतालचे इलेक्ट्रॉन अणुकेंद्रावर जणू सावली धरतात, त्यामुळे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र त्याच्यापर्यंत जरा कमी पोचतं. सावली कमी-जास्त झाली की रेषा सरकते. हीच केमिकल शिफ्ट.

इथेनॉल सोपं होतं. कोलेस्टेरॉलमध्ये ४६ हायड्रोजन, आणि बहुतेकांचा शेजार सारखाच. साठच्या दशकातल्या ६० मेगाहर्ट्‌झच्या यंत्रावर त्यांच्या रेषा सकाळच्या विरार लोकलमधल्या माणसांसारख्या एकमेकींवर चढायच्या. मोठा चुंबक घ्यावा, तर तो परवडायचा कुणाला?

१९६९ साली अमेरिकेत सदर्न इलिनॉय विद्यापीठातल्या कॉनराड हिंकली यांनी कोलेस्टेरॉलच्या द्रावणात युरोपियमचं एक संयुग मिसळलं. हा वेडेपणाच वाटावा. पॅरामॅग्नेटिक धातूंमध्ये जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन असतात, आणि एका इलेक्ट्रॉनची चुंबकी ताकद प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट. नमुन्यात लोखंडाचा किंवा मँगनीजचा अंश राहिला तर रेषा पसरून सपाट होतात. युरोपियमचे इलेक्ट्रॉन मात्र आपली दिशा इतक्या झपाट्याने बदलतात की रेषा फारशी पसरत नाही, सरकते.

युरोपियम कोलेस्टेरॉलच्या ओएच गटाला चिकटतं. तिथून अंतर दुप्पट झालं की परिणाम आठवा हिस्सा उरतो. दिशेचा कोनही मोजावा लागतो. म्हणून ओएचजवळच्या हायड्रोजनची रेषा लांब जाते, शेपटाकडची जेमतेम हलते. गर्दी तर फुटलीच, वर अंतर मोजायला टेपही मिळाली.

मला आवडतो तो पुढच्या वर्षीचा किस्सा. हिंकलींच्या संयुगात युरोपियमला पिरिडीनचे दोन रेणू आधीच बिलगलेले होते, म्हणजे जागा अडवून बसलेले. केंब्रिजच्या सँडर्स आणि विल्यम्स यांनी पिरिडीन नसलेलं संयुग वापरलं आणि रेषा कितीतरी जास्त सरकल्या. एवढंच! प्रासिओडिमियम घेतलं तर त्या उलट्या बाजूला जातात, हेही कळलं. शिफ्ट रिएजंटच्या बाटल्या प्रयोगशाळांच्या फडताळांत दिसू लागल्या.

मग अतिवाहक चुंबक आले. गर्दी त्यांनीच फोडली. शिवाय मोठ्या क्षेत्रात युरोपियममुळे रेषा रुंदावू लागल्या. बाटल्या मागच्या रांगेत गेल्या.

पण युक्ती मेली नाही. आता प्रथिनाच्या एका ठरावीक जागी लँथनाइडचा अणू मुद्दाम बांधतात, आणि ४० अँगस्ट्रॉम दूरच्या अणूची जागासुद्धा त्याच्या सरकलेल्या रेषेवरून शोधतात.