शब्द ओळखण्याचा खेळ आणि त्यामागची यादी

प्रोग्रामिंग शिकू लागलेल्यांना सरावासाठी जे छोटे खेळ लिहायला सांगतात, त्यांत लपवलेला शब्द ओळखण्याचा खेळ हमखास असतो. खेळ संगणकाहून जुना आहे. ॲलिस गॉम यांनी १८९४ मध्ये ब्रिटनमधील पारंपरिक खेळांचा जो कोश प्रसिद्ध केला, त्यात तो ‘पक्षी, पशू आणि मासे’ या नावाने येतो. एखाद्या प्राण्याच्या नावाचे पहिले व शेवटचे अक्षर लिहायचे, मधल्या अक्षरांच्या जागी खुणा करायच्या आणि समोरच्याने अक्षरे ओळखायची. फाशीचे चित्र पुढे जोडले गेले आणि ‘हँगमन’ हे नाव रूढ झाले. भारतातल्या कॉलेजांत रिकाम्या तासाला हाच खेळ हिंदी चित्रपटांच्या नावांवर चालतो. तिथे फाशी नसते. ‘बॉलिवूड’ हा शब्द रोमन लिपीत लिहून प्रत्येक चुकीला त्याचे एकेक अक्षर खोडतात. नऊ अक्षरे, म्हणून नऊ चुका माफ.

हा खेळ नवशिक्यांच्या हाती आला तो बेसिक या भाषेमुळे. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी गणित-विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून ती तयार केली. तिचे पहिले प्रोग्राम १ मे १९६४ रोजी पहाटे चालले. पुढे डिजिटल इक्विपमेंट कंपनीत काम करणाऱ्या डेव्हिड आल यांनी बेसिकमधले १०१ खेळ गोळा करून १९७३ मध्ये पुस्तक काढले. त्याची १९७८ ची घरगुती संगणकांसाठीची आवृत्ती दहा लाखांहून अधिक खपली. त्यात ‘हँगमन’ होताच, शिवाय पाच अक्षरी शब्द ओळखण्याचा ‘वर्ड’ नावाचा खेळही होता. तो एका शाळकरी विद्यार्थ्याने लिहिलेला होता.

‘हँगमन’चा सांगाडा तेव्हा जो होता तोच आजही आहे. यादीतून एक शब्द निवडायचा, त्याच्या अक्षरांइतक्या रेघा दाखवायच्या, खेळणाऱ्याकडून एक अक्षर घ्यायचे, ते शब्दात असेल तर उघडायचे, नसेल तर चूक मोजायची, आणि शब्द पूर्ण होईपर्यंत किंवा चुका संपेपर्यंत हे चालू ठेवायचे. एवढ्यात चल, यादी, अट आणि लूप या चारही गोष्टी येतात. शिक्षकांना हा खेळ आवडतो तो यासाठीच. नवशिके चुकतात त्या जागाही ठरलेल्या आहेत. अक्षर एकदा सापडले की शोध थांबवला, तर ‘बनाना’सारख्या इंग्रजी शब्दातला पहिलाच ‘ए’ उघडतो, बाकीचे दोन झाकलेलेच राहतात. बेसिकमध्ये आणखी एक गंमत होती. यादृच्छिक आकड्यांची सुरुवात बदलण्याची आज्ञा विसरली, तर प्रोग्राम दर वेळी शब्द त्याच क्रमाने काढी.

खरी अडचण यादीची. ‘वर्ड’मध्ये शब्द होते अवघे बारा आणि ते प्रोग्रामच्याच ओळींत लिहिलेले. पुस्तकातून पाहून प्रोग्राम टाइप करणाऱ्याने उत्तरे आधीच वाचलेली असत, त्यामुळे खेळाची मजा त्याच्या भावंडांना. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून निघालेल्या, युनिक्स या कार्यप्रणालीच्या आवृत्तीत केन आर्नल्ड यांनी ‘हँगमन’ लिहिला तो संगणकावरच्या शब्दसंग्रहाच्या फाइलमधून शब्द उचलतो. लिहिणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसते. मात्र कोणी न ऐकलेले शब्द निघतात. यादी हाताने निवडण्याला पर्याय नाही हे २०२१ मध्ये ‘वर्डल’ या शब्द ओळखण्याच्या वेबखेळाने दाखवले. तो बनवणाऱ्या जॉश वॉर्डल यांच्या जोडीदार पलक शाह यांनी पाच अक्षरी सुमारे बारा हजार शब्दांतून ओळखीचे तेवढे वेगळे काढले आणि उत्तरांची यादी सुमारे २,३०० शब्दांवर आली. ती यादी, रोजच्या क्रमासकट, वेबपानाच्या कोडमध्ये उघडी होती. म्हणजे कोड वाचणाऱ्याला उत्तर दिसण्याची बेसिकच्या काळातली खोड गेली नव्हती.

मराठीत हा खेळ लिहू पाहणाऱ्याला यादीच्याही आधी ठरवावे लागते की अक्षर म्हणजे काय. रोमन लिपीत एक चिन्ह म्हणजे एक अक्षर. अक्षरचिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात मात्र देवनागरीतले व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना वेगवेगळे क्रमांक असतात. ‘पुस्तक’ वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे दिसते: पु, स्त, क. पायथन या प्रोग्रामिंग भाषेला त्याची लांबी विचारली की उत्तर येते ६. ‘हँगमन’चा इंग्रजीत बिनचूक चालणारा प्रोग्राम मग सहा रेघा काढतो आणि त्यांतल्या एका रेघेवर नुसता उकार, दुसरीवर नुसता हलन्त मागतो. दृश्य अक्षरांचे गट पाडण्याचे युनिकोडचे नियमही बराच काळ जोडाक्षर हलन्तापाशी तोडत आणि ‘पुस्तक’चे चार तुकडे करत: पु, स्, त, क. सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ या आवृत्तीत नियम बदलला आणि ‘स्त’ एकसंध धरला जाऊ लागला. तरी ‘क’ सांगितल्यावर ‘कि’ उघडायचा की नाही, हा प्रश्न नियमाने सुटत नाही. पूर्ण अक्षरच मागितले तर बाराखडी आणि जोडाक्षरांमुळे शक्यता शेकड्यांनी वाढतात आणि सहा-सात चुकांची मुभा अपुरी पडते. म्हणून मराठीसाठी नुसते व्यंजन जुळले तरी ते मात्रेविना दाखवणे, किंवा चुकांची मर्यादा वाढवणे, यांपैकी काहीतरी प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.