व्हीगन आहार, अल्पखर्ची : पाथर्डी तालुका

मांस, मासे, अंडी यांच्याबरोबरच दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि मधही वर्ज्य मानणारा निव्वळ वनस्पतिजन्य आहार. १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आचाराला नाव दिले व त्याची संस्था काढली. पुण्यामुंबईत हा आहार बदामाचे दूध, टोफू आणि महागडी दुकाने यांच्याशी जोडला गेला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात मात्र त्यातले बहुतेक सारे कोरडवाहू घराच्या ताटात पूर्वापार आहे. तत्त्व म्हणून ते आलेले नाही. जमीन देईल आणि परवडेल ते खायचे, एवढाच त्यामागचा हिशेब. चहातले दूध, भाकरीसोबतचे ताक, सणावारी तूप आणि जत्रेचे मटण काढून घेतले की उरते ते व्हीगनच. माळकरी घरे मांस-अंड्याला शिवत नाहीत, पण दूधदुभते त्यांना चालते. त्यामुळे काटेकोर व्याख्येत तीही बसत नाहीत.

तालुका जिल्ह्याच्या पूर्वेला, बीडच्या सीमेला लागून आहे. गर्भगिरीच्या डोंगररांगा, हलकी-मुरमाड जमीन आणि बेभरवशाचा पाऊस ही त्याची ओळख. मुळा धरणाच्या कालव्याचे पाणी काही भागापुरतेच पोचते. अशा जमिनीत खरिपाला बाजरी, तूर, मूग, मटकी, हुलगा आणि रब्बीला ज्वारी, हरभरा, करडई ही पिके टिकतात. बांधाला तीळ, जवस, कारळे. थोड्या पाण्यावर येणाऱ्या याच पिकांत स्वस्त आणि पौष्टिक शाकजन्य आहाराला लागणारे जवळजवळ सर्व काही असते.

रोजच्या जेवणाचा कणा बाजरीची भाकरी. तिच्यासोबत काय असते, यावर ते जेवण पोटभरू आहे की पोषक, हे ठरते. नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा यांनी पोट भरते, पण अंगाला फारसे लागत नाही. बाजरीत १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम प्रथिने असतात, मात्र त्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते. डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते आणि डाळींतली उणीव धान्य भरून काढते. पिठले-भाकरी, आमटी-भाकरी, उसळ-भाकरी या जोड्या म्हणूनच शास्त्राच्या कसोटीला उतरतात. धान्याचे तीन भाग असतील तर डाळीचा निदान एक भाग असावा, हे प्रमाण सामान्यतः सुचवले जाते. गरिबाच्या घरात पैसा आटला की पहिली कात्री नेमकी या चौथ्या भागाला लागते.

या भागातील सर्वांत गुणी आणि सर्वांत उपेक्षित कडधान्य हुलगा, म्हणजे कुळीथ. त्यात १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने, २७० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि चांगल्यापैकी लोह असते. ज्या जमिनीत दुसरे काही उगवणार नाही तिथे तो येतो, म्हणून त्याला मान नाही. त्याचे शेंगोळे हा नगरकडचा खास पदार्थ. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे, मिरची, मीठ घालून घट्ट मळायचे, हातावर वळून त्याची वेटोळी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. पिठामुळे रस्सा आपोआप दाट होतो. खोबऱ्याचे वाटण, मलई कशाचीही गरज पडत नाही. थंडीत, आजारपणात आणि बाळंतिणीसाठी हुलग्याचे माडगे करतात. तेही केवळ पीठ, पाणी, गूळ किंवा लसणाचे. चार पैसे आले की घरातून आधी हुलगा जातो आणि त्याच्या जागी मैद्याची बिस्किटे येतात, ही या नोंदीच्या लेखकाला आहारातली सर्वांत वाईट अदलाबदल वाटते.

मटकीला मोड आणणे हा दुसरा फुकटचा उपाय. भिजवून मोड आणल्याने लोह-जस्ताला अडकवून ठेवणारे फायटेट कमी होते आणि क जीवनसत्त्व वाढते. शेंगदाणे, तीळ, जवस आणि कारळे यांच्या कोरड्या चटण्या डब्यात महिनाभर टिकतात. दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम, न सोललेल्या तिळांतून शंभर मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते. जवसातून ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्ल मिळते, ज्यासाठी शहरात लोक महागड्या गोळ्या घेतात. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुरडू या रानभाज्या बांधावर फुकट असतात. रब्बीत करडईचा आणि हरभऱ्याचा कोवळा पाला खुडतात, शेवगा तर परसातच असतो. भोगीच्या दिवशीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वांगी, गाजर, घेवडा, बोरे, शेंगदाणे घातलेली मिसळीची भाजी हे वरचा लोण्याचा गोळा वगळल्यास हंगामी व्हीगन ताटाचे नमुनेदार उदाहरण होय. तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेआधी महिनाभर गावात तळण बंद ठेवण्याची प्रथा आहे. आरोग्यखात्याची पत्रके जे साधू शकत नाहीत ते नाथांच्या धाकाने होते.

खर्चाचा अंदाज हमीभावांवरून बांधता येतो. २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्राने जाहीर केलेले क्विंटलचे भाव असे : बाजरी २,७७५ रुपये, तूर ८,०००, भुईमूग शेंग ७,२६३, तीळ ९,८४६. एका माणसाला दिवसाला ३५० ग्रॅम बाजरी, ६० ग्रॅम तूर, ३० ग्रॅम शेंगदाणे आणि १० ग्रॅम तीळ धरले तर या भावाने साडेअठरा रुपयांच्या आसपास खर्च येतो आणि सुमारे ६० ग्रॅम प्रथिने मिळतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मानकाप्रमाणे ६० किलो वजनाच्या प्रौढाची गरज ५० ग्रॅमची आहे. तेल, भाजी, मीठ-मसाला, दळण आणि सरपण वेगळे. किराणा दुकानातून घेतल्यास हाच आकडा दीडपट ते दुप्पट होतो, कारण शेतकऱ्याची तूर डाळमिलमधून फिरून त्याच्याच गावात महाग होऊन येते. घरची तूर जात्यावर भरडून ठेवणारी घरे म्हणूनच फायद्यात राहतात. सोयाबीनचा हमीभाव तुरीहून बराच कमी, ५,३२८ रुपये, आणि प्रथिने मात्र दीडपटीहून जास्त. दळणात मूठभर भाजलेले सोयाबीन टाकणे किंवा आठवड्यातून एकदोनदा सोया वडीची भाजी करणे हा सर्वांत स्वस्त पर्याय ठरतो, जरी तिच्या चवीबद्दल घराघरांत कुरबुर असते.

लोहाचा प्रश्न इतका सरळ नाही. बाजरीत लोह आहे, पण ते शरीरात थोडेच शोषले जाते. जेवणात लिंबू पिळणे, सोबत पेरू, आवळा किंवा बोरे खाणे आणि जेवणाला लागून चहा न घेणे यांनी फरक पडतो. लोहाचे प्रमाण जास्त असलेले बाजरीचे वाण महाराष्ट्रात उपलब्ध आहेत. ‘धनशक्ती’ हे त्यांपैकी पहिले. महाराष्ट्रातील ग्रामीण शाळांत १२ ते १६ वयोगटातील २४६ मुलामुलींवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा बाजरीच्या भाकरीने शरीरातील लोहसाठा वाढल्याचे दिसले.

या आहारातील खरे भोक बी-१२ जीवनसत्त्वाचे. प्रौढाला ते दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते, पण कोणत्याही धान्यात, डाळीत किंवा भाजीत ते भरवशाने मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांत बी-१२ ची पातळी कमी आढळली. त्या स्त्रिया व्हीगन नव्हत्या. दूध त्यांच्या आहारात होते, पण चहापुरते. दूधही सोडायचे असेल तर बी-१२ ची गोळी घ्यावीच लागते. थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा ही कमतरतेची लक्षणे सावकाश येतात, म्हणून गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुले यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हा आहार पत्करू नये. ऊन भरपूर असल्याने ड जीवनसत्त्व आपोआप मिळते, हाही समज पूर्ण खरा नाही. अंग झाकून काम करणाऱ्यांत त्याचीही कमतरता आढळते.

काही सरकारी योजनांतून मिळणारे अन्न अनवधानाने व्हीगन असते. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या १० रुपयांच्या शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण ठरवलेले होते; दुधाचा थेंब नाही, पण डाळही बेताचीच. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. बाजरीच्या मुलखात रेशनचा तांदूळ आला तशी भाकरीची संख्या घटली, आणि भातासोबत वरण पातळ होत गेले.

दिवाळीनंतर तालुक्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. निघताना बाजरीचे पोते आणि चटणीचे डबे सोबत असतात. कोपीवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, पहाटे भाकऱ्या थापल्या जातात आणि फडात दुपारी त्या चटणीशी खाल्ल्या जातात. डाळ शिजवायला वेळ आणि सरपण दोन्ही कमी. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत आता कारखान्याच्या गावीही धान्य उचलता येते. रेशनवरच्या पोषणयुक्त तांदळात लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ मिसळलेले दाणे असतात, पण ठरवून दिलेले बी-१२ चे प्रमाण किलोमागे पाऊण ते सव्वा मायक्रोग्रॅम एवढेच आहे. म्हणजे २०० ग्रॅम तांदळातून दिवसाच्या गरजेचा जेमतेम दहावा भाग मिळतो. अनेक घरांत तर हे वेगळे दिसणारे, पाण्यावर तरंगणारे दाणे ‘प्लास्टिकचे’ म्हणून वेचून टाकले जातात.